मला हात न लावता मिळालेले मार्क

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. पण वापरून जुना झालेलो नाही, नुसता ठेवून ठेवून झालो आहे. हिवरखेडच्या पलीकडच्या एका शाळेत, प्रयोगशाळेच्या काचेच्या कपाटात माझा मुक्काम असतो.

अंबाल्याच्या कारखान्यात मी घडलो. तिथल्या कारागिराने माझ्या भिंगातून कांद्याची साल पाहिली आणि खुशीत मान डोलावली. ती माझी पहिली आणि शेवटची शाबासकी. शाळेत आलो त्या दिवशी मला हार घातला, नारळ फोडला आणि कुलूप लावले. तपासणीचे साहेब आले की मला पुसूनपासून टेबलावर मांडत. साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली की मी पुन्हा आत.

मुले काचेला नाक लावून मला पाहत. त्यांच्यातल्या अमरीनला मात्र मला पाहायचे नव्हते, माझ्यातून पाहायचे होते. ती जीवशास्त्राच्या गोवर्धन सरांच्या मागे लागायची. सर म्हणायचे, "फुटलं तं कोन भरून देईन? वहीत चित्र काढ." तिने पुस्तकात पाहून पेशीचे सुंदर चित्र काढले. बारावीच्या प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक आले, पोहे खाऊन, सरांनी भरलेल्या मार्कांवर सही करून गेले आणि अमरीनला तीसपैकी अठ्ठावीस मिळाले. तिच्या घरी पेढे वाटले. मला लाज वाटली.

अमरीन बीएस्सीला अमरावतीला गेली, राजापेठेत खोली करून राहिली. दिवाळीनंतर आमची शाळा उघडली आणि ती सरांना भेटायला आली, तेव्हा सारे तिच्याच तोंडून ऐकले. पहिल्याच प्रॅक्टिकलला तिने स्क्रू उलटा फिरवला, भिंग खाली आले आणि काचपट्टी तडकली. वर्ग हसला. मॅडमनी विचारले, "मग बारावीत अठ्ठावीस मार्क कशाचे?" आता तिचे अब्बा म्हणत होते, जमत नसेल तर घरी ये.

"सर, मले अठ्ठावीस मार्क काहून देले?"

"तुयं नुकसान व्हू नये म्हनून, पोरी."

"मंग हा का फायदा झाला?"

सरांनी माझ्या कपाटाचे कुलूप ओढून पाहिले. माणूस वाईट नाही. पण त्यांनी तिच्या तोंडाला पाने पुसली आणि त्यासाठी माझे नाव वापरले, हे मी विसरू शकत नाही.

दारात तिची धाकटी बहीण तुबा उभी होती. ती यंदा अकरावीत आहे. अमरीनने तिला हाताला धरून पुढे आणले.

"सर, हिले मार्क नका देऊ. चावी द्या."

सर म्हणाले, "पाह्यतो." अमरीन दुसऱ्या दिवशीच्या गाडीने अमरावतीला परत गेली. मी अजून कुलपातच आहे.

मित्रांनो, आम्हा वस्तूंची शेवटी एकच विनंती असते, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. मला जपता जपताच त्यांनी अमरीनला फसवले. मला बाहेर काढा, हाताळा, एखादी काचपट्टी फोडा. ती इथे फुटली असती, तर अमरावतीला कुणी हसले नसते.