दिराचा गेटपास

माझा दीर राजदीप कारखान्यात ठेक्यावर आहे. त्याले ताप आला. खाडे पडले का ठेकेदार नाव कापते, म्हणून माझा नवरा त्याचा गेटपास गळ्यात घालून कामावर गेला. भाऊ-भाऊ दिसायले सारखेच. सुपरवायझरले सगळं माहीत होतं, तरी त्यानं आत घेतलं. इथं सगळेच असं करतेत.

दुपारी क्रेनवरून लोखंडी प्लेट सुटली. माझा नवरा जागीच गेला.

ठेकेदार म्हणे, "आमच्याकडे राजदीप कामाले आहे. तो तर घरी जिता आहे. तुमचा माणूस आत कावून घुसला?"

"मुडद्या, घुसला नाई! तुमीच कामाले लावला!" मी ओरडली.

सिविक सेंटरच्या बाजारात बसणारा वकील म्हणाला, "ताई, भरपाईसाठी कायदा तुमच्या बाजूनं आहे. फक्त तो काम करून राहिला होता, हे सोबतच्या कोणी सांगायले पाहिजे."

मी आमच्या कोहका वस्तीत सोबतच्या कामगाराइच्या दारोदार फिरली. साक्ष द्यायले कोणीच तयार झालं नाई. त्याइच्या पासवरही कोणाचा तरी भाऊ जाते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सुपरवायझरनं पास परत पाठवला. निरोप होता, "उद्या राजदीप आला नाई तर नाव कापीन."

मी पासवरचं रक्त धुतलं. सकाळी दिराच्या गळ्यात तो मीच घातला.