नंबर कोंबडीचा आहे

बाबा आता कोंबड्या पाळतात. साध्या नाहीत, नमुनेदार.

वरची ओळ वाचली असेल तर विसरून जा, तो गोष्टीचा शेवट आहे. बाबांचा कोंबड्यांना कडाडून विरोध आहे, घरात एक पीस दिसता कामा नये असं त्यांनी बजावलंय, आणि पुढे काय होणार याची मला सुतराम कल्पना नाही.

तर, बाबांचं सलून होतं. मग समोरच काचेच्या दाराचं, गार हवेचं नवं सलून आलं आणि गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे थंड व्हायला गेली. बाबांनी शटर ओढलं, फिरती खुर्ची घरी आणून खिडकीपाशी ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः तिच्यात बसले. कात्र्यांची पेटी कपाटावर गेली. "आता कात्रीला हात लावणार नाही," म्हणाले. बाबा शब्दाचे पक्के, त्यामुळे पहिला फटका मला बसला. नव्या सलूनमध्ये जाणं म्हणजे फितुरी, आणि घरचा न्हावी संपावर. माझे केस कानांवरून खांद्यांकडे निघाले.

"यांना जरा माणसांत आण रे," आई म्हणाली. "दिवसभर खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची डोकी बघतात आणि चुकचुकतात. काल तर पोस्टमनला वरून ओरडून सांगितलं, भांग चुकलाय म्हणून."

मी पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानात कामाला आहे. आमच्या मालकाला चित्रविचित्र कोंबड्यांचा शौक होता. शेवटी त्याच्या बायकोने "मी तरी, नाहीतर कोंबड्या तरी" असं सुनावलं. मालकाने बराच विचार करून बायको निवडली आणि तीन कोंबड्या माझ्या गळ्यात मारल्या. म्हटलं, बरंच झालं, बाबांचा जीव रमेल. आईने माणसांत आणायला सांगितलं होतं खरं, पण माझ्या आवाक्यात कोंबड्याच होत्या.

एकीच्या डोक्यावर पिसांचा एवढा झुबका, की आपले डोळे कुठे आहेत ते तिलाही माहीत नव्हतं. दुसरीची सगळी पिसं उलटी, जन्मतःच शॉक लागल्यासारखी. तिसरी वरून पांढरा कापूस आणि आतून कोळसा. बाबांची मनोभूमी तयार होईपर्यंत मी तिघींना बाथरूममध्ये ठेवलं आणि वरून चादर टाकली. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. आमच्याकडे उजाडायच्या आधीच बाबा आंघोळीला गेले.

"हे काय आहे?"

"कोंबड्या."

"ते दिसतंय. माझ्या बाथरूममध्ये काय करतायत?"

"अजून तरी काही नाही."

बाबांनी टॉवेल घट्ट केला. "अंडी किती देतात?"

"मनात आलं तर देतात."

"खायला?"

"ही कापूसवाली आतून काळी असते, बाबा. कातडी, हाडं, सगळं. जगातलं आश्चर्य आहे."

"म्हणजे कामाच्या ना धामाच्या, नुसते केस वाढवून घरभर हिंडणार." त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. "तसा एक आहे की आपल्याकडे."

निकाल जागेवरच लागला. कोपऱ्यावरचा चिकनवाला रविवारी सकाळी क्रेट घेऊन येईल. काळी कोंबडी तो कोणाच्या गळ्यात मारेल हा त्याचा प्रश्न. मला मात्र दोन जीव वाचवायचे होते, कोंबड्यांचा आणि खुर्चीतल्या बाबांचा. पैकी कोंबड्या निदान हालचाल करत होत्या.

मग मी समाजप्रबोधन सुरू केलं. चहाच्या कपाशेजारी रंगीत कोंबड्यांचा फोटो ठेवला. बाबांनी कप त्याच्यावर ठेवला. जेवताना म्हटलं, "पूर्वी राजे लोक असल्या कोंबड्या बाळगायचे." बाबा म्हणाले, "म्हणूनच राज्यं गेली." दुपारी डोळा लागल्यावर कापूसवाली हळूच त्यांच्या मांडीवर ठेवली. ते झोपेत तिला कुरवाळत होते, मी डोळे भरून पाहत होतो, आणि तिने तिचं जे काही असतं ते केलं. कुरवाळणं तिथेच थांबलं.

शनिवारी संध्याकाळी झुबकेवाली फिरत फिरत खिडकीपाशी आली आणि खुर्चीच्या पायावर आपटली. मागे सरली, विचार केला, पुन्हा आपटली. बाबांनी पेपर खाली केला.

"हिला दिसत नाही का?"

"केस येतात डोळ्यांवर."

"मग काप की."

"तुम्हीच जरा..."

"मी कात्रीला हात लावत नाही." पेपर वर गेला.

मी दुधाची पिशवी कापायची कात्री आणली, झुबकेवालीला काखेत धरलं आणि देवाचं नाव घेतलं. खरं सांगतो, यात माझा काही डाव नव्हता. डाव टाकण्याइतकी अक्कल असती तर कोंबड्या बाथरूममध्ये ठेवल्या असत्या का? एक कट मारला. पेपर थोडा खाली आला. दुसरा मारला. बाबांच्या घशातून, पाय मुरगळल्यावर निघतो तसा आवाज निघाला. झुबकेवाली आता डाव्या बाजूने पोलीस आणि उजव्या बाजूने कवी दिसत होती.

"अरे, गवत कापतोस का! आधी ओलं करतात, गाढवा!"

"राहू दे ना बाबा. उद्या जायचंच आहे तिला."

"कुठून जायचंय? माझ्या घरातून! अशी? तो चिकनवाला वीस वर्षं माझ्याकडे बसलाय. उद्या ही असली बट बघितली तर काय म्हणेल? हातातलं कसब गेलं म्हणेल!"

आणि बाबा उठले. आईने स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं आणि श्वास रोखून पुन्हा आत घेतलं. कपाटावरची पेटी खाली आली, पाण्याची बाटली आली, पांढरं कापड झटकलं गेलं. झुबकेवाली फिरत्या खुर्चीत बसली, तिच्या मानेभोवती कापड आलं आणि कात्री हवेत दोनदा कचकचली. तो आवाज घरात किती दिवसांनी ऐकला, विचारू नका.

"मान जरा खाली," बाबा म्हणाले. तिने घातली. "कुठे असता हल्ली? बऱ्याच दिवसांत आला नाहीत." झुबकेवाली घशातल्या घशात काहीतरी बोलली. "हो ना, सगळीकडे तेच चाललंय," बाबा म्हणाले. शेवटी त्यांनी मागून आरसा धरला. तिने पुढे पाहिलं, मागे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा दिसलेल्या जगावर चोच मारली.

"फक्त दुरुस्त करून दिलंय," बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले. "उद्या जाऊ दे."

रविवारी चिकनवाला क्रेट घेऊन आला तेव्हा खुर्चीत उलट्या पिसांची होती आणि बाबा तिच्यावर हरतऱ्हेचे कंगवे चालवून पाहत होते.

"काका, कोंबड्या..."

"नंबर आहे. बस."

चिकनवाला जुन्या सवयीने बसला. समोरचा शिळा पेपर उचलून त्याने सगळा वाचला. उलट्या पिसांची उतरल्यावर कापूसवालीच्या पायांवरची पिसं सारखी झाली. मग बाबांनी खुर्ची झटकली आणि म्हणाले, "हं, चल."

"मी कोंबड्या न्यायला आलोय, काका."

"ही असली कानशिलं घेऊन?"

चिकनवाला बसला. कापडाखालून हळूच म्हणाला, "समोर जातो मी, काका, खोटं कशाला बोलू. पण तिथे कोणी बोलत नाही हो. नुसती गाणी लावतात."

बाबांनी फक्त त्याचं डोकं जरा जास्त वेळ धरून ठेवलं.

चिकनवाला सुबक डोकं आणि रिकामा क्रेट घेऊन गेला. बाबा मला म्हणाले, "त्या झुबक्याचे केस महिन्याभरात परत डोळ्यांवर येतील. तेव्हा कोण कापणार? तू?"

कापलेली पिसं पुढच्या वेळी झडून नवी येईपर्यंत वाढत नाहीत, हे आमच्या दुकानात पोरंटोरंही सांगतील. मी मान खाली घातली आणि म्हटलं, "खरंच, बाबा. कोण कापणार?"

त्याचा परिणाम असा झाला, की महिनाभर वाट बघूनही झुबका वाढेना आणि बाबांना गिऱ्हाईक कमी पडायला लागलं. "दाढीवाली मिळते का रे कुठे?" त्यांनी विचारलं. मिळते. गालमिशांची मिळते, पायात पिसांची पॅन्ट घातलेली मिळते. आज घरात अकरा कोंबड्या आहेत, माझी खोली त्यांचं प्रतीक्षालय झाली आहे, आणि रविवारी चिकनवाल्यासकट जुनी गिऱ्हाइकं रांगेत बसून कोंबड्यांशी राजकारण बोलतात. आई खूश आहे.

माझे केस मात्र नाकापर्यंत आले आहेत. "तू घरचाच आहेस, तुझं बघू नंतर," असं बाबा दर रविवारी सांगतात. काल मी खुर्चीच्या पायावर आपटलो. मागे सरलो, विचार केला, पुन्हा आपटलो. बाबांनी झुबकेवालीला उचलून सुरक्षित जागी ठेवलं.

तरी वरील परिस्थितीचा बाबांकडून सहानुभूतीपूर्वक विचार होऊन, अर्जदाराच्या डोळ्यांवर आलेल्या केसांची प्रत्यक्ष पाहणी करण्यात यावी, आणि नियमात बसत असल्यास अर्जदारास येत्या रविवारपुरते कोंबडी समजण्यात यावे, ही नम्र विनंती. अंड्यांबाबत अर्जदार कोणतीही हमी देऊ शकत नाही.