दोन पट्ट्या वर

वन्सं चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या. वन्सं हे काही त्यांचं नाव नव्हे. या नात्यानं त्यांना हाक मारू शकणारी जगात एकच बाई होती, त्यांची वहिनी. पण वहिनींचा आवाज असा, की स्वयंपाकघरातून मारलेली हाक कोपऱ्यावरच्या न्हाव्याला ऐकू जाई. त्यामुळे हळूहळू सगळी मंडळीच त्यांना वन्सं म्हणू लागली. पाळकसाहेबसुद्धा.

त्याच आवाजात वहिनी रविवारी गायच्या. वन्संनी सूर द्यायचा, वहिनींनी तो डोळे मिटून उचलायचा आणि बाकीच्यांनी जमेल तसं मागून यायचं. पट्टी कुठली, हे वहिनींनी कधी विचारलं नाही. एका घरात राहून दोघींचं कशावर म्हणून एकमत नव्हतं, पडद्यांवर नाही, औषधांवर नाही, भावाच्या मफलरवर तर नाहीच. पण पहिल्या सुरावरून कधी वाद झाला नव्हता.

मग एका बाप्तिस्म्यानंतरच्या चहाला वहिनी चारचौघींत बोलून गेल्या, "वन्संचा हात हल्ली जड झालाय. गीत वाजवतात की पीठ मळतात, कळत नाही."

चारचौघी हसल्या. वन्संही हसल्या. त्यांचं हसणं जरा जास्तच गोड होतं, ते वेळीच कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं.

चर्चवर नवं छप्पर चढलं, त्याची आभारप्रार्थना होती. शेवटचं गीत देवाच्या दयेचं. त्याच्या अखेरच्या कडव्यात 'दया' हा शब्द शिडी लावल्यासारखा वर चढतो. त्या रविवारी वन्संनी ते दोन पट्ट्या वर घेतलं. हात अजिबात जड पडला नाही. वहिनींनी नेहमीसारखे डोळे मिटले, सूर उचलला, कडव्यामागून कडवं तारून नेलं, आणि 'दया'वर त्यांचा आवाज मधोमध फाटला. पुढच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं.

वन्संचा बेत एवढाच होता की वहिनींनी घरी येऊन भांडावं. चोख उत्तरंही त्यांनी तयार ठेवली होती. वहिनी भांडल्याच नाहीत.

"वय झालं, वन्सं," त्या म्हणाल्या. "देवानं गळा दिला, इतकी वर्षं वापरू दिला. आता परत मागितला तर कुरकुर कशाला करायची?"

पुढच्या रविवारपासून त्या शेवटच्या बाकावर बसून नुसते ओठ हलवू लागल्या. भांडी घासतानाचं गुणगुणणंही बंद झालं. घर इतकं शांत झालं, की भाऊ घड्याळाला किल्ली द्यायला कचरू लागला.

वन्संनी देवाची क्षमा मागितली. रोज मागितली. गुडघे बोलू लागले तेव्हा त्या पाळकसाहेबांकडे गेल्या. साहेब गुलाबांना पाणी घालत होते.

"देवानं तुम्हाला पहिल्याच वेळी क्षमा केली," सगळं ऐकून ते म्हणाले.

"मग मला तसं वाटत का नाही?"

"वन्सं, त्याच्या दाराशी तुमच्यापेक्षा अट्टल माणसं येऊन गेली आहेत. वधस्तंभावर लटकत असताना ज्यानं खिळे ठोकणाऱ्यांसाठी क्षमा मागितली, तो तुमच्या दोन पट्ट्यांवर अडून बसेल?"

वन्संना हायसं वाटलं. त्या उठल्या.

"बसा. वहिनींना कोण सांगणार?"

"देवच नाही का सांगू शकत?"

"तो क्षमा करतो. तुमच्या वाटचं बोलत नाही. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, असं प्रभूनं सांगून ठेवलंय."

"भावाशी माझं काहीच नाही. तो पेपर वाचत असतो."

"वहिनी त्यातच आल्या," पाळकसाहेब म्हणाले आणि पुढच्या कुंडीकडे वळले.

वहिनी स्वयंपाकघरात वाटाणे सोलत होत्या. भाऊ पेपरामागे होता.

"वहिनी, त्या दिवशी तुमचा गळा फाटला नाही."

"फाटला. सगळ्यांनी ऐकला."

"मी फाडला. दोन पट्ट्या वर घेतलं होतं. मुद्दाम. ते पीठ मळण्याचं लागलं होतं मला."

पेपराचं पान उलटायचं राहिलं. वहिनींच्या हातातली शेंग अर्धवट उघडी राहिली.

"दोन?"

"दोन."

"आणि तरी मी शेवटच्या कडव्यापर्यंत पोचले?"

"पोचलात."

"म्हणजे माझा गळा..."

"जसाच्या तसा आहे."

वहिनींनी शेंग खाली ठेवली आणि त्या रडू लागल्या. "मी रोज देवाला विचारत होते हो, माझं काय चुकलं म्हणून. आणि तुम्ही समोर बसून चहा पीत होतात."

तयार ठेवलेल्या चोख उत्तरांतलं एकही इथं चालणारं नव्हतं. "चुकलं माझं," वन्सं म्हणाल्या. "मला क्षमा करा." देव सोडून दुसऱ्या कुणाला त्यांनी हे कधी म्हटलं नव्हतं. भावानं पेपर खाली करून खात्री करून घेतली.

वहिनींनी डोळे पुसले आणि वाडगं मध्ये सरकवलं.

"सोला. केली क्षमा. मी रोज त्याच्याकडे मागते, तुम्हाला नाही म्हणाले तर उद्या कुठल्या तोंडानं मागू? पण राग जायला वेळ लागेल. तोवर मी टोमणे मारीन. ऐकून घ्यायचे."

"घेईन."

"हात जड आहेच तुमचा."

"आहे," असं म्हणून वन्सं वाटाणे सोलू लागल्या.

रविवारी वहिनी पुढं येऊन उभ्या राहिल्या तशी कुजबुज सुरू झाली. पाळकसाहेबांच्या बायकोला राहवलं नाही. "गळा बरा झाला? औषध कुणाचं घेतलंत?"

सगळ्यांसमोर कबूल करायचं, असं वन्सं ठरवून आल्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं. वहिनींनी त्यांच्या पायावर पाय दिला.

"गळ्याला काही झालंच नव्हतं," वहिनी म्हणाल्या. "ते वन्संनीच मला सांगितलं."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. सगळे वन्संकडे कौतुकानं पाहू लागले. पाळकसाहेब चष्मा पुसत राहिले. इतकी कमी लायकी असताना इतकी शाबासकी वन्संना आयुष्यात मिळाली नव्हती. त्यांनी मान खाली घातली, आणि मनातल्या मनात आभार मानले. देवाचे आधी, पायाचे नंतर.

दयेचं गीत निघालं. वर जायच्या धास्तीनं वन्संनी ते पार खाली घेतलं. सूर देऊन त्यांनी हळूच मान वळवली. वहिनींनी पट्टी विचारली नाही. त्यांनी डोळे मिटले होते.

मंडळी तळघरातून गावं तशी गाऊ लागली. पण त्या दिवशी 'दया' इतकी खाली उतरली होती, की लग्नानंतर कधी न गायलेल्या भावालाही ती गाठता आली.

"एवढं खाली, वन्सं?" बाहेर पडताना वहिनी म्हणाल्या. "एवढं नवं छप्पर घातलं, त्याला वाटलं असेल आपल्याशी कुणी बोलतच नाही."

टोमणा ऐकून घ्यायचा, असं ठरलंच होतं. वन्संनी तो घरी पोचेपर्यंत मनात पुन्हा पुन्हा ऐकला, आवडतं गीत ऐकावं तसा.