प्लास्टिकमधली खुर्ची

भिंगरी अकरा वर्षांची असताना एकदा बोलून गेली, "बाबा, मला पण अशी खुर्ची हवी!" बस्स. तेवढ्यावर तिच्या अख्ख्या जन्माचा निकाल लागला. बाबा दातांचे डॉक्टर. लेकीचं वाक्य ऐकून त्यांना भरून आलं. महिन्याभरात त्यांनी आपली जुनी खुर्ची मोडीत काढली आणि एकसारख्या दोन नव्या मागवल्या. एक स्वतःला, एक लेकीला. लेकीची खुर्ची गेली सात वर्षं दवाखान्यात प्लास्टिक गुंडाळून उभी होती. पेशंट तिला छत्र्या अडकवायचे.

मूल काय म्हणालं ते ऐकायचं आणि त्याला काय म्हणायचं होतं ते मात्र विचारायचं नाही, ही आईबापांची जुनी खोड. पोरगं पोलिसाची शिट्टी मागतं, हे त्याला वर्दी शिवतात. पोरगी शेजारच्या मांजरीला दूध पाजते, हे तिला जनावरांची डॉक्टर करून मोकळे होतात. आणि वीस वर्षांनी कपाळाला हात लावून बसतात, याचं कामात लक्ष का लागत नाही म्हणून. लागेल कसं? त्याला शिट्टी हवी होती, शहाण्यांनो!

पण सगळा दोष बापाच्या माथी मारणंही बरं नाही. भिंगरीलाही तोंड होतं. सात वर्षं येणारा-जाणारा विचारायचा, "काय, डॉक्टर होणार ना?" आणि ती मान डोलवायची. आधी मजा वाटायची म्हणून, मग सवय झाली म्हणून, आणि शेवटी शेवटी आता नाही म्हटलं तर ती एवढी मोठी खुर्ची कुठे ठेवायची, या काळजीने.

आज शेवटचा दिवस होता. दंतवैद्यकाच्या कॉलेजचा अर्ज पाचच्या आत खिडकीवर पोचवायचा होता. बाबांनी तो आपल्या टपोऱ्या अक्षरात स्वतः भरला होता. फक्त सही तिची हवी होती. काउंटरवर आत्याने तो प्लास्टरच्या जबड्याखाली दाबून ठेवला होता. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, दवाखान्याच्या वेळा, पावत्या आणि पेशंटची भीती या तिन्ही गोष्टी सांभाळणारी.

"डॉक्टरीणबाई, साडेतीन झाले," आत्या म्हणाली. "एक सही करायला किती वेळ लावशील? पेन जड झालंय का?"

"करते गं."

"सकाळपासून करतेच आहेस. आईने एप्रनसुद्धा इस्त्री करून ठेवलाय तुझा."

भिंगरीने जबड्याखालून अर्ज ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि सहीच्या रेघेकडे बघत बसली. दुसऱ्याचं तोंड उघडं दिसलं की ती नेहमीच नजर वळवायची. आणि हे आयुष्यभर बघायचं होतं. रोज, वीस-वीस तोंडं.

तेवढ्यात आतून बाबांची हाक आली. "ताई! लवकर ये!"

आत हेडमास्तर अडकले होते.

हेडमास्तर म्हणजे गावभराचे सल्लागार. कोणी काय व्हावं हे त्यांना पोराच्या कपाळावर छापल्यासारखं दिसायचं. तू इंजिनिअर, तू वकील, तू बँकेत जा, असं सांगत त्यांनी बत्तीस वर्षं पिढ्यान्‌पिढ्या मार्गी लावल्या होत्या. कुठल्या मार्गी, ते त्या पिढ्यांनाच ठाऊक. भिंगरीच्या अर्जालाही त्यांचाच आशीर्वाद होता. आत्ता ते डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत पडले होते, तोंडात कापसाचे बोळे, दात अर्धा कोरलेला. बाबा पायाने बटण दाबत होते, पण खुर्ची नुसती गुरगुरत होती. पाठ काही वर येत नव्हती.

"धरून उठवूया," आत्या म्हणाली. दोघांनी खांद्यांना हात घातला तसे हेडमास्तर कळवळले. त्यांची कंबर आठवड्यापासून धरली होती.

"ऊं! ऊं ऊं!"

"काय म्हणतात?" आत्याने विचारलं.

"हात लावू नका म्हणतात," बाबा म्हणाले. त्यांना दातांच्या फटीतून आलेली भाषा कळायची. त्यांनी मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, उद्या येतो.

"उद्या!" बाबांच्या कपाळावर घाम आला. "यांना काय रात्रभर असंच टांगून ठेवू?"

भिंगरी दारात उभी होती. ती हेडमास्तरांकडे बघतच नव्हती. तिचं लक्ष त्या गुरगुरीकडे होतं. "बाबा, परत दाबा बरं बटण." बाबांनी दाबलं. "मोटर जागी आहे. तिला फिरता येत नाहीये. पंख्याचा कपॅसिटर गेल्यावर पंखा असाच करतो, नुसता गुणगुणतो."

"मग?"

"मग काय! दुसरा बसवायचा." आणि कोणी काही बोलायच्या आत तिने आपल्या खुर्चीवरच्या छत्र्या काढून आत्याच्या हातात दिल्या आणि ते सात वर्षांचं प्लास्टिक टराटरा फाडलं.

बाबांनी आ वासला. आता तेही हेडमास्तरांसारखेच दिसत होते, फक्त उभे.

भिंगरीने बाबांच्या खुर्चीची वायर भिंतीतून उपटली, आडवी झाली आणि खालचं झाकण उघडलं. "आत्या, कागद दे. कुठली वायर कुठे होती ते लिहून घ्यायला हवं. अगं, राहू दे, आहे माझ्याकडे." हातातच होता. तिने तो जमिनीवर पालथा टाकला आणि भराभर चित्र काढलं. निळी इकडे, पिवळी तिकडे, काळी मधे. मग जुना कपॅसिटर काढला, आपल्या खुर्चीतला काढून इथे बसवला, स्क्रू आवळले. वीस मिनिटं ती शीळ घालत काम करत होती. हेडमास्तरांचं उघडं तोंड हातभर अंतरावर होतं. ते तिच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

"दाबा."

खुर्ची हळूच, लोण्यासारखी वर आली. हेडमास्तर माणसांत आले. बाबांनी दात भरला, कापूस काढला, आणि हेडमास्तरांनी पहिलं वाक्य उच्चारलं.

"डॉक्टर, या मुलीने तर..."

"सर, दोन तास तोंड बंद ठेवायचंय," बाबा म्हणाले. "नवीन भरलाय."

आत्याने खाली पडलेला कागद उचलला, उलटा केला, सुलटा केला. "अगं भवाने! हा अर्ज आहे!"

पुढच्या बाजूला बाबांचं टपोरं अक्षर. मागे निळी, पिवळी, काळी आणि ग्रीसचा एक ठळक अंगठा.

"पुसता येईल," बाबा हळूच म्हणाले. "साडेचारच झालेत. तू लहानपणी स्वतःच म्हणाली होतीस ना, मला पण अशी खुर्ची हवी."

भिंगरीने हात फडक्याला पुसले. आता मान डोलावली की संपलं. तिने ती मुद्दाम ताठ धरली.

"खुर्ची हवी होती, बाबा. दात नको होते. ती वर-खाली कशी होते ते मला बघायचं होतं. तंत्रशाळेत दवाखान्याच्या यंत्रांची दुरुस्ती शिकवतात. शनिवारपर्यंत अर्ज घेतायत. मला तिथे जायचंय."

"मग सात वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही सात वर्षं विचारलंत का?"

आत्याने छत्र्या पुन्हा खुर्चीला अडकवल्या. हेडमास्तरांनी बोट वर केलं, मग दोन तास आठवून खाली घेतलं. जाता जाता त्यांनी तेवढी भिंगरीची पाठ थोपटली.

बाबा आपल्या खुर्चीभोवती एक फेरी मारून आले. पंचवीस वर्षं ते तिच्यापाशी नाहीतर तिच्या आधीच्या जुन्या खुर्चीपाशी वाकत आले होते. बसले मात्र कधी नव्हते. त्यांनी चपला काढल्या आणि सरळ आडवे झाले.

"कर बघू वर-खाली."

भिंगरीने बटण दाबलं. बाबा वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले.

"अरे, मजा येते की गं!"

"पाच वाजायला आले," आत्याने आठवण केली.

"वाजू दे. भिंगरे, अजून एकदा."

दारात गाल सुजलेला एक नवा पेशंट येऊन उभा राहिला. त्याने ग्रीसने माखलेल्या मुलीकडे पाहिलं, खुर्चीत हसणाऱ्या माणसाकडे पाहिलं, आणि घाबरत आत्याला विचारलं, "यातले डॉक्टर कोण?"

"झोपलेत ते," आत्या म्हणाली. "बसा. उतरतीलच."