भागवतचा गुडघा

इंद्रभान सरांच्या बैठकीत एकाच खेळाडूचे फोटो होते. ऋत्विक उडी मारताना, ऋत्विक ढाल घेताना, आणि एका फोटोत ऋत्विकच्या खांद्यावर हात ठेवून स्वतः सर. जळगाव जामोदच्या शाळेत तीस वर्षं पीटी शिकवून निवृत्त झालेला हा माणूस. आपल्या हाताखालचा पोरगा पुण्याच्या टीमकडून पगारी बास्केटबॉल खेळतो, हे लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही वरणभात संपायच्या आत ते सांगत.

त्यांची शिकवण सोपी होती. बॉल कोणाच्याही हातात येवो, तो ऋत्विककडे गेला पाहिजे. "तुम्ही चौघं बैल, हा गाडीवान," असं ते मैदानावर म्हणत आणि पोरं हसत. भागवतही हसायचा. तो अंगाने बुटका. पण न बघता, पाठीमागूनसुद्धा बॉल असा सोडायचा की तो ऋत्विकच्या हातात जाऊनच बसायचा. अकोल्याच्या सामन्यात ऋत्विकने अडतीस गुण केले, त्यातले निम्मे भागवतच्या पासवर. पेपरात अडतीस छापून आले. पास कोण छापतो?

त्या अकोल्याच्या सामन्याला चार वर्षं झाली. यंदा दिवाळीनंतर ऋत्विक बॅग घेऊन नांदुऱ्याच्या बसमधून उतरला. टीमने त्याला मोकळं केलं होतं. सरांना ही बातमी दुसऱ्याच कोणाकडून कळली आणि ते तडक त्याच्या घरी गेले. आई म्हणाली, तो भागवतच्या दुकानात आहे.

भागवतचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. तो उकिडवा बसून पंप खोलत होता, शेजारी उलट्या बादलीवर ऋत्विक. सरांनी उभ्याउभ्याच विचारलं, "काऊन काढलं रे तुले? राजकारण झालं ना?"

"राजकारण नाही, सर." ऋत्विकने मान वर केली नाही. "मलेच येत नव्हतं. तिथं सगळ्याईचा नेम माह्यापेक्षा चांगला. मी आपला पास येईल म्हणून हात वर करून उभा राहो. पासच नाही ये. आणि माह्या हातात बॉल आला की दुसऱ्याले द्यायचं मले सुचेच ना. कोच म्हणे, बाकी चौघं तुले दिसत नाहीत का? खरंच नव्हते दिसत, सर. दोन सीझन बाकावरच गेले."

सरांना त्याची समजूत काढावीशी वाटली, पण ऋत्विक थांबला नव्हता. तो भागवतकडे वळून चेष्टेच्या सुरात म्हणाला, "अन् तुले एक गंमत सांगायचीच राह्यली. निघतानी मॅनेजर म्हणाले, अकोल्यात आम्ही त्या बुटक्याले पाहून थांबलो होतो, त्याचा गुडघा गेला नसता तर दोघाईले नेलं असतं. कवा गेला बे तुहा गुडघा? मले तर मालूमच नाही."

"माहा?" भागवतने पाना खाली ठेवला. "माह्या गुडघ्याले काय झालं? दिवसभर उकिडवा बसतो मी."

दोघांनीही एकदम सरांकडे पाहिलं.

अकोल्याला पुण्याच्या टीमकडून आलेला, पांढरी टोपी घातलेला तो माणूस सरांना लख्ख आठवत होता. सामना संपल्यावर त्याने विचारलं होतं, पास देणारा तो मुलगा कोण? आणि सरांच्या तोंडून पटकन निघून गेलं होतं, "तो? त्याचा गुडघा गेलाय. वर्षभर खेळता यायचं नाही." तो माणूस चुकचुकला आणि ऋत्विकचं नाव लिहून घेऊन गेला. त्याच रात्री भागवतला पेढा भरवून सर म्हणाले होते, "दोस्ताचं भलं झालं, खुश राह्य."

आता म्हणता आलं असतं की मॅनेजरच्या ऐकण्यात गफलत झाली. सरांनी तोंड उघडलंही त्याचसाठी. पण भागवत इतक्या साधेपणाने बघत होता की त्यांच्या तोंडून खरं तेच निघालं.

"मी सांगतलं होतं तसं."

"काऊन?"

"एकच पोरगा निघाला तर नाव होईल, असं वाटलं."

"कोणाचं?" भागवतने विचारलं.

 संतापला तो ऋत्विक. बादली लाथेने उडवून तो उठला. "दोघं गेलो असतो तर मीबी टिकलो असतो! याच्याबिगर मले खेळताच येत नाही, हे तिथं गेल्यावर समजलं. याचं तर तुम्ही केलंच, पण माहंही वाटोळं केलं तुम्ही, सर. अन् वरून बैल म्हणत होता याले!"

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. "झाला का पंप?"

"हाव, पाच मिनिटं," भागवत म्हणाला आणि पुन्हा खाली बसला. वायसर जागेवर बसेना.  सर घरी गेले.

भागवतने गावभर बोभाटा केला नाही. सर त्या बोभाट्याची रोज वाट पाहत होते. तो झाला असता तर निदान भांडता आलं असतं. त्याऐवजी सरांच्या क्रीडा मंडळात खेळणारी पोरं एकेक करून संध्याकाळी भागवतकडे जाऊ लागली. दुकान बंद करून तो आणि ऋत्विक त्यांना शिकवत. जानेवारीत जिल्हा स्पर्धेचा फॉर्म आला. प्रशिक्षकाच्या रकान्यात भागवतचं नाव होतं, आणि खाली मंडळाचा अध्यक्ष म्हणून सरांची सही हवी होती. सरांनी सही केली.

बुलढाण्याला ते न बोलावता गेले. पोरं पहिलाच सामना अकरा गुणांनी हरली. नऊच्या वर कोणाचेच गुण नव्हते. तरी परतीच्या बसमध्ये मागच्या सीटवर ती खिदळत होती, चुकलेल्या पासवरून एकमेकांना चिडवत होती, आणि हरल्याचं खापर एकानेही दुसऱ्यावर फोडलं नाही. इतक्या वर्षांत सरांच्या टीमच्या बसमध्ये असा आवाज कधी झाला नव्हता. हरलं की तिथे बाकीचे चौघे खाली मान घालून बसत.

नांदुऱ्याला बस थांबली. भागवतने सगळ्यांना चहा सांगितला. एक कप घेऊन तो पुढे, सरांच्या खिडकीशी आला.

"घ्या, सर."

सरांनी कप घेतला. काही तरी बोलावं म्हणून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, तर कुठल्याही म्हाताऱ्या प्रवाशाला द्यावा तसा चहा देऊन तो पाठ फिरवून पोरांकडे निघालाही होता.