मिलमागचा हौद

गावात डेंग्यूचे चार रुग्ण निघाले, तेव्हा आरोग्यसेवक जीवन मेश्रामने ढिवरटोलीतली सगळी घरं एका दुपारीत उरकली. शकुनबाईच्या घरात तो सरळ मोरीपाशी गेला आणि झाकण काढून न पाहताच पाण्याचा ड्रम आडवा केला. आत तिची नात रीना तापाने फणफणत होती.

"आताच भरला होता मी," शकुनबाई म्हणाली. "मिलच्या मांगचा हौद पाय ना. सांजच्याले तिकडूनच मच्छर येऊन राहिले."

धानाच्या मिलचं फाटक बंद होतं. मालक नागपूरला गेल्याचं चौकीदाराने सांगितलं. जीवनने भिंतीवरून डोकावलं. हिरवं पाणी, आणि त्यात अळ्यांची नुसती वळवळ. त्याने ग्रामसेवकाला फोन लावला.

"आत शिरायचा अधिकार आहे ना आपल्याले?"

"आहे ना. पन आधी नोटीस. मिल आहे ते, जीवनभाऊ. तीन दिवसांची मुदत देऊन टाक."

भिंत कमरेएवढीच होती आणि अळ्या मारायच्या औषधाची बाटली पिशवीत होती. जीवनने नोटीस फाटकाला चिकटवली आणि तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी रीनाला भंडाऱ्याला हलवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिला परत आणलं, ते चादरीत गुंडाळून.

मुदत संपली तेव्हा फाटक सताड उघडं होतं. हौद कोरडा, आतून ताजा चुना मारलेला. ग्रामसेवकाने पंचनाम्यात 'अळ्या आढळल्या नाहीत' असं लिहिलं आणि पेन पुढे केला. जीवनने त्याखाली लिहिलं, 'नोटीस लावली त्या दिवशी मी स्वतः पाहिल्या होत्या.' मग सही केली.

"कायले अंगावर घेऊन राहिला?" ग्रामसेवक चिडला.

तिथून जीवन शकुनबाईकडे गेला. काही न लपवता त्याने सगळं सांगितलं.

"माह्या घरी आला तवा नोटीस कुठी होती?" तिने विचारलं.

"नव्हती."

"आन तिथं डोयानं पाहून वापस आला."

"हो, बाई."

बाजेखालून रीनाच्या उरलेल्या गोळ्यांची पिशवी काढून तिने त्याच्यापुढे धरली.

"घेऊन जा, डाक्टर. शेजारच्या पोराले कालपासून ताप हाय."