रविवारचं जेवण

कुरोसूने मासा जाळीतून वर न काढता पाण्यातच धरला आणि त्याच्या ओठातला गळ अलगद सोडवला. मासा क्षणभर तळहातावर रेंगाळला, मग शेपटीचा फटकारा देऊन गढूळ पाण्यात दिसेनासा झाला. उद्यानातल्या या तळ्यात जे लागेल ते सोडूनच द्यायचं असे.

शेजारची जागा रिकामी होती. तिथे इगाराशी बसायचा. कित्येक वर्षांत दोघांचं बोलणं 'आज वारा आहे' आणि 'आहे खरा' यापलीकडे गेलं नव्हतं. पानगळ सुरू झाल्यापासून तो आला नव्हता, आणि चौकशी करायची म्हटलं तरी कुरोसूला त्याचं नाव तेवढं ठाऊक होतं, पत्ता नव्हता.

"कुरोसू-सान ना तुम्ही?"

मागे काळ्या कोटातली एक वयस्क बाई उभी होती.

"मी इगाराशींची बायको. हे गेले हो, गेल्या महिन्यात."

कुरोसू धडपडत उठला, टोपी काढून खाली वाकला.

"तुमचे आभार मानायचे राहिले होते," ती म्हणाली. "दर रविवारी त्यांना जेवायला न्यायचात. घरी येऊन मला ऐकवायचे, कुरोसूच्या बायकोच्या हातचा मुळा खाऊन बघ एकदा! असा राग यायचा मला."

कुरोसूचं लग्नच झालं नव्हतं. रविवारी तो स्टेशनाजवळ उभ्या-उभ्या नूडल्स खाऊन खोलीवर जायचा. इगाराशी उलट्या दिशेने चालू लागायचा. कुठे जातो, हे कुरोसूने कधी विचारलं नव्हतं.

"आवडायचा त्यांना मुळा," तो म्हणाला. "परत मागून घ्यायचे."

"आणि बोलायचे का काही?"

"पुष्कळ."

"घरी तर तोंडातून शब्द फुटायचा नाही."

"आमच्याकडे गायचेसुद्धा," कुरोसू बोलून गेला. "दोन पेले पोटात गेले की."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग कोट सावरून इगाराशीच्या जागेवर बसली.

"उद्यानाच्या फाटकावरच्या माणसाने मघाशीच सांगितलं मला," ती पाण्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही एकटेच राहता म्हणून."

कुरोसूचे कान तापले. हातातली टोपी चुरगळत तो माफीचं काहीतरी पुटपुटला. तिने नुसती मान हलवली. समोर कुणाच्या तरी गळाला मासा लागला, पाणी खळबळलं, पुन्हा शांत झालं. ती मात्र उठली नाही.

कुरोसू हळूच आपल्या जागेवर बसला.

"कुठलं गाणं म्हणायचे?" तिने विचारलं.